जरमीनाचा फॉर्म

मिरज जंक्शनवर गाडी हलली तेव्हा अब्बांनी खिडकीच्या गजांतून हात घालून माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. तेवीस वर्षांचा होतो मी. आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवलेला माणूस, निरोपही तसाच दिला: "पत्र मराठीतच लिही. परमुलखात वाक्यं बिघडतात."

बिघडलीच. वर्षभरात माझ्या बोलण्यात 'अच्छा', 'चलो', 'फाइल पुटअप करा' असलंच सगळं आलं. सलीम, तू फोनवर हसायचास आणि लोकांना अभिमानाने सांगायचास, भाऊ दिल्लीत सरकारी कागदांचं भाषांतर करतो. कागद नव्हते रे ते. अफगाणिस्तानातले सशस्त्र गट वायरलेसवर आपसांत जे बोलत, त्याच्या टेपा आमच्याकडे येत. मी हेडफोन लावून त्या ऐकायचो आणि लिहून काढायचो. पुण्यात शिकलेली फारसी तेवढ्याला पुरेना, म्हणून खात्याने मला पश्तो शिकायला पाठवलं.

शिकवायला मिळाले नादिरसाहेब. अफगाणिस्तानातल्या वर्दक प्रांतातल्या एका गावातले शाळामास्तर, जीव वाचवून आलेले, दिल्लीतल्या भोगलमध्ये दोन खोल्यांत बायकोबरोबर राहत. मी सरकारी अनुवादक, एवढंच त्यांना माहीत. मंगळवार आणि शुक्रवार, सात वर्षं गेलो. ते मला 'बच्चेम' म्हणत, म्हणजे माझं लेकरू. ईदला मी घरी आलो नाही की अम्मी रुसायची. तेव्हा मी त्यांच्याकडे असायचो, आणि त्यांची बीबी अम्मीसारखीच, नको म्हटलं तरी ताटात वाढत राहायची.

त्यांची एकुलती मुलगी जरमीना तिकडेच राहिली होती. गावच्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायची. ती गेली तर त्या खोऱ्यात दुसरी कुणी नव्हती, म्हणून निघत नव्हती. शेवटी बापाने तिला दोन महिन्यांसाठी तरी ये म्हणून राजी केलं.

त्या मंगळवारी सकाळी आलेल्या टेपेत एक माणूस गावाचं नाव घेऊन दुसऱ्याला सांगत होता, "दवाखान्याचं काम झालं. नादिर मास्तरची मुलगी आत होती. तीही गेली."

मी टेप तीनदा मागे घेतली. नाव तेच, गाव तेच.

आमचे साहेब नागपूरचे. त्यांच्या खोलीत जाऊन मी म्हणालो, "सर, मला त्यांना सांगू द्या."

त्यांनी आधी दार लावलं. "मलाही मुलगी आहे रे. पण तू सांगितलंस की ते तिकडे फोन करणार. तिकडे प्रश्न निघणार, दिल्लीला कसं कळलं? की ही ऐकण्याची लाइन बंद. मागच्या महिन्यात ह्याच लाइनमुळे एक बस वाचली, विसरलास?"

विसरलो नव्हतो. तो इशारा मीच लिहून काढला होता.

संध्याकाळी भोगलला गेलो. जायला नको होतं. पण मंगळवार चुकवला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं. नादिरसाहेब दारातच उभे होते, हातात व्हिसाच्या कामाचा फॉर्म. "बच्चेम, मेरी अंग्रेज़ी कमज़ोर है. तुम भर दो."

मी भरला. नाव, जरमीना. वय, एकोणतीस. व्यवसाय, नर्स. येण्याचं कारण काय लिहू विचारलं, तर ते हसले. "लिखो, बाप से मिलना." तेही लिहिलं. बीबी आतून विचारत होती, मे महिन्यात इथे किती उकडतं, पोरीला सोसेल का. मी म्हणालो, "कूलर लगा देंगे."

अकरा दिवसांनी तिकडून त्यांच्या पुतण्याचा फोन आला आणि जरमीना गेल्याचं त्यांना कळलं. मी भेटायला गेलो. घर माणसांनी भरलेलं. सगळे उठून गेल्यावर नादिरसाहेब माझ्याकडे बघत राहिले.

"उस दिन फ़ॉर्म भरकर आप चाय पिए बिना चले गए थे. आपको मालूम था?"

सात वर्षांत पहिल्यांदा ते मला 'आप' म्हणाले होते. मग तेच म्हणाले, "जवाब मत दीजिए. आपकी नौकरी है." आणि त्यांनी स्वतः उठून मला चहा ओतून दिला, पाहुण्याला देतात तसा.

मी पुन्हा गेलो नाही. त्या उन्हाळ्यात मिरजेला आलो, तेव्हा अब्बांना एवढंच म्हणालो, की एका माणसाला सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. त्यांनी काही खोदून विचारलं नाही. म्हणाले, "मग अजून जिवंत आहे ना तो? जा आणि सांग."

परतलो तो स्टेशनवरून थेट भोगलला. दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. घरमालक म्हणाला, बुड्ढा-बुढ़िया तो ऑस्ट्रेलिया चले गए, पता नहीं छोड़ा.

आता अब्बा नाहीत, अम्मी नाही, आणि मला निवृत्त होऊनही चार वर्षं झाली. सलीम, तू दर वेळी म्हणतोस, वरची खोली रिकामी आहे, फरीदाबादचा फ्लॅट वीक आणि ये. जीव तुटतो माझा तिकडे. पण भोगलमध्ये अफगाणी नानवाल्याच्या भिंतीवर मी माझं नाव आणि नंबर लिहून ठेवलाय. नादिरसाहेबांच्या घरचं कुणी कधी आलं, तर नानवाल्याने मला फोन करायचाय. पाऊण तासात मी मेट्रोने तिथे पोहोचतो, दोनदा वेळ लावून पाहिली आहे. मिरजेहून नाही पोहोचता येणार.