दरवाज्याजवळची शिंगाडेवाली

पवनीच्या जुन्या वस्तीत मी अधूनमधून फोटो काढायला जातो. किल्ल्याचा दरवाजा, पडका तट, तळ्याकाठच्या चिंचा. गेल्या हिवाळ्यात दरवाज्यापाशी एक म्हातारा जवळ आला. स्वेटरची बटणं चुकीची लावलेली होती.

"भाऊ, मागच्या सालचे फोटो आहेत का तुमच्यापाशी?"

"आहेत. कायले पाहिजेत?"

"माही बायको इथंच शिंगाडे विकत बसे. पावसाळ्यात वारली. घरी तिचा एकबी फोटो नाही. दरवाज्याचे फोटो तं सगळेच काढतेत, म्हणून पुसून राहिलो. एखाद्यात ते आली असंन."

मी मोबाइलवर जुने फोटो उघडले. धोतराला बोट पुसून तो एकेक सरकवू लागला. एका फोटोत कमानीच्या कडेला टोपली होती आणि टोपलीशी डोक्यावरून पदर घेतलेली बाई, पाठमोरी. मी फोटो मोठा केला. चेहरा दिसतच नव्हता.

"तेच आहे," तो हळूच म्हणाला. बराच वेळ पाहत राहिला. मग मोबाइल माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, "भाऊ, इले थोडं इकडं वळवता येते का?"