काकांची पूड

माझ्या मावशीचा नवरा न्हावी. काकांच्या दुकानात शिरलेल्या माणसाची सुटका नुसते केस कापून होत नसे, आधी त्यांच्या पुडीची महती ऐकावी लागे. आरशाखाली बरणी असायची. मेथी, दालचिनी, वाळवलेलं कारलं, सगळं कुटून केलेली पूड. "गोळ्या केव्हाच फेकल्या!" काका वस्तरा परजत सांगायचे. "आणि साखर बघा, आली की नाही ताळ्यावर?" गळ्याशी वस्तरा असताना नाही कोण म्हणणार?

साखर खरंच ताळ्यावर आली होती. आणली होती मावशीने.

मावशी बोलायला कंजूष, पण हट्टाला खमकी. काकांनी डॉक्टरांच्या गोळ्या तिच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतल्या, तेव्हा ती भांडली नाही. नव्या आणून तिने पिठाच्या डब्यामागे लपवल्या आणि रोज सकाळी काकांच्या पुडीच्या पेल्यात गोळी कुटून ढवळू लागली. काका तोंड वाकडं करून प्यायचे. "कडू आहे ना, म्हणूनच गुण येतो." ती मान डोलवायची. नवरा धडधाकट राहिला म्हणजे झालं, शाबासकी पुडीला मिळेना का!

माझी आई तिची धाकटी बहीण. लाँड्रीत दिवसभर उभ्याने इस्त्री करायची. साखर तिलाही होती. काकांनी मोठ्या मायेने तिला बरणी भरून दिली आणि आमच्या बाईसाहेबांनी कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या. आम्ही आपले समजत होतो, दोन्ही घेते.

एक दिवस तापलेली इस्त्री पायाच्या बोटांना लागली, तर तिला कळलंसुद्धा नाही. पाय कधीचेच बधिर झाले होते. घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि मी किंचाळले. जखम भरेचना. चिघळली, काळी पडली, आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

वॉर्डात डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"भाऊजींना पूड लागू पडली ना, तेव्हापासून," आई म्हणाली.

मावशी चादरीची घडी घालत होती. ती तशीच खाटेवर बसली. डॉक्टर पुढे गेल्यावर तिने आईचा हात धरला आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. पेला, गोळी, पिठाचा डबा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं ही बाई गप्प बसली? मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई बोलली.

"ताई, मग माझ्या पेल्यात का नाही गं घातलीस?"

आवाजात राग नव्हता. लहान बहिणीने मोठीकडे हक्काने मागावं, तसं तिने विचारलं.

आई त्या वॉर्डातून घरी आलीच नाही. मावशीने काकांना सगळं सांगितलं, तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. काकांनी बरणी स्वतः मोरीत रिकामी केली. आता दुकानात फक्त कात्रीचा आवाज येतो. मला अजून दोघांचा राग येतो आणि दोघांना बघून पोटात तुटतंही.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे होते. काका निमूटपणे हात पुढे करून बसले होते. मावशीने त्यांच्या हातावर गोळी ठेवली आणि पाणी द्यायला वळली. ओट्यावर तिने पेले दोन काढले होते, एक काकांचा आणि एक आईचा.

मी एक उचलून फळीवर परत ठेवला.