भट्टीवरचा कल्याण उन्हात पळतो तेव्हा

कल्याणच्या पळण्याची गोष्ट मीच, त्याच्या शेजाऱ्यानं, सांगितलेली बरी. तो स्वतः सांगायला बसला, तर मागच्या वर्षीचा टेम्पो बराबर गाळून टाकील.

केदारखेड्याचा हा सेहेचाळीस वर्षांचा गडी जालन्याच्या एमआयडीसीत सळयांच्या मिलमध्ये चिमटा धरतो. म्हणजे भट्टीतून लालभडक लोखंड बाहेर आलं की पकडायचं आणि पुढं ढकलायचं. उरलेल्या वेळात तो पळतो. कशासाठी, हे त्याची बायको शालू लग्नापासून विचारते आहे. उत्तर अजून मिळालेलं नाही.

आमच्या जत्रेत दहा किलोमीटरची शर्यत असते. मागच्या वर्षी कल्याण छाती काढून म्हणाला, "भट्टीपुढं उभा ऱ्हाणाऱ्याला उन्हाचं काय भेव?" खेळाचे निवृत्त मास्तर देवानंद सर यांनी त्यात भर घातली, "अन् पळताना पाणी बिलकुल प्यायचं न्हाई. पोटात गोळा येतो." आठव्या किलोमीटरला, भर वैशाखात, कल्याणला थंडी वाजायला लागली. अंगावर काटा आला, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि स्वारी टेम्पोत आडवी होऊन घरी पोचली. चार दिवस गावात दुसरा विषय नव्हता. त्यात माझा वाटा किती, ते सोडा.

शालूनं त्याच दिवशी बजावलं, "पुढच्या साली पुन्हा टेम्पोत आलात तर पळणं बंद. मंग भट्टी अन् घर, बस्स."

पळणं बंद म्हणजे या माणसाचं काय उरणार? कल्याणनं मिलमधले जुने उस्ताद आदिनाथ यांना गाठलं. सगळं ऐकून ते हसले. "येड्या, हितं तू अर्धा तास चिमटा धरतो अन् अर्धा तास सावलीत बसून मिठाचं पाणी पितो. म्हणून टिकतो. पळताना भट्टी तुझ्या पोटातच पेटल्याली ऱ्हाते. तिला सोडून कुठं जाऊन बसशील?"

"मंग काय करू?"

"जाळ कमी घाल. पाणी पी. ढगळ सुती कपडा घाल, म्हंजी घाम वाळंल. घाम वाळला की अंग निवतं. अन् काटा आला, की नंबर इसर."

यंदा शर्यत सकाळी सातला सुटणार होती. झेंडा दाखवणारे पाहुणे पावणेअकराला उगवले. तोवर पोरं उन्हातच उड्या मारत अंग गरम करत होती, जणू सूर्याला एकट्याला ते जमत नव्हतं. कल्याण मात्र लिंबाखाली डोक्यावर ओला पंचा टाकून बसला होता आणि बर्फ घातलेलं खारं ताक घोट घोट पीत होता.

यंदा स्वतःही पळायला उतरलेले, काळं, अंगाला चिकटलेलं जाकीट घातलेले देवानंद सर म्हणाले, "काय कल्याणराव, लग्नाला आले का पळायला?"

"वरात तर निघू द्या, सर."

वरात निघाली. कल्याण सगळ्यात मागं. दर दोन किलोमीटरला पाण्याची टाकी होती. तिथं तो थांबायचा, प्यायचा, पंचा भिजवून मानेवर टाकायचा. बघे हसायचे. सहाव्या किलोमीटरनंतर मात्र पुढची पोरं ढेपाळली आणि हा एकेकाला मागं टाकू लागला. आता सर वीस पावलांवर होते. मागच्या वर्षीचा सगळा हिशोब वीस पावलांत मिटणार होता! कल्याणनं जोर लावला, आणि दंडावर काटा उभा राहिला.

सरांची पाठ दिसत होती, बाभळीची सावलीही दिसत होती. कल्याण सावलीत गेला. कमरेला बांधलेल्या बाटलीतलं पाणी त्यानं डोक्यावर, मानेवर ओतलं आणि चालू लागला. एकामागून एक पोरं पुढं निघून गेली.

इकडं शर्यत संपायच्या जागी, मारुतीच्या पारापाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. शालू गर्दी सारत धावली. टेम्पोचा मागचा फळका पडेपर्यंत तिला दम निघेना. आत दोन पोरं होती, आणि अंगावर ओलं पोतं घेतलेले देवानंद सर.

"सर, तुमी? आमचे कुठं हायत?"

सरांनी हात कसाबसा वर केला. "मागं... पाणी पिऊन राह्यले."

पाऊण तासात सर चहा मागण्याइतके बरे झाले. तोवर कल्याण आला, चौदावा, ओलाचिंब आणि स्वतःच्या पायांवर. शालूनं चारचौघांत त्याच्या सदऱ्यात मागून हात घातला. तिचं असं धाडस मी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"घाम हाय, अंग बी गार हाय," ती म्हणाली.

"चौदावा आलो." कल्याण ओशाळला होता.

"नंबर कोणी इचारला? मी टेम्पोत बघून आले. तुमी न्हवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला रस्त्यावर बुटांचा आवाज आला. मी खिडकीशी होतो, सहजच. शालू दारातून ओरडत होती, "ऊन चढायच्या आत या! अन् बाटली इसरलात!"

कल्याण परत फिरला, बाटली घेतली आणि पळाला.