बिशपांची जांभळी वस्त्रं

चांद्याला गाडीतून उतरलो तेव्हा हमालानं माझ्या पेटीला हात घातला आणि मी त्याच्यावर खेकसलो. पेटीत आमच्या म्हाताऱ्या बिशपांचा पोशाख होता: जांभळा रेशमी झगा, जरीचा पट्टा, मायटर (बिशपांचा उंच मुकुट) आणि बाकी सगळा साज. नागपूरच्या चर्चमध्ये ही वस्त्रं सांभाळणं माझं काम. आजारपणामुळे पद सोडून बिशप चामोर्शीपलीकडच्या रानातल्या मिशनवर राहायला गेले, तेव्हा मला म्हणाले होते, "मातीत जाताना मला पूर्ण पोशाखात पाठव. देवासमोर असाच कसा जाऊ?" आता त्यांचं काही खरं नाही, लवकर या, असा निरोप आला होता.

मूलपर्यंत मोटार बरी चालली. शेजारच्या बाईनं माझ्या मांडीवरच्या पेटीकडे बोट दाखवलं. "लगनाचे कपडे हायेत का, भाऊ?" मी हो म्हणून मान डोलावली. खरं सांगायला जीभ रेटेना.

मूलच्या पुढे मोटारीनं राम म्हटला. मी आरडाओरडा केला, तर ड्रायव्हर म्हणतो, "काऊन जीव टाकून राह्यले, भाऊ? उद्या निघते नं!" जवळच्या गावात एका घरी भात आणि अंबाडीची भाजी वाढली. भाजी चवदार होती, पण मी अर्धी टाकून उठलो.

दुसऱ्या दिवशी मोटारीची वाट न पाहता बैलगाडी करून निघालो. वैनगंगा लागली. उन्हाळ्यानं नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त. बैलगाडीची चाकं रुतली, तेव्हा पेटी डोक्यावर घेऊन पायीच पलीकडे गेलो. पुढे तेंदूची पानं तोडणाऱ्या बायकांनी जावा (तांदळाची पातळ पेज) पाजली. त्यांचे उपकार मानायचंही राहून गेलं.

मिशनच्या दारात स्वयंपाकीण बुधीबाई बसली होती. पेटी पाहून ती उठली.

"काल माती देली, भाऊ. फादरनं मंत्र मनले. एवढ्या उनात थांबता येते का?"

"अंगावर काय होतं?"

"कुडता. वरून गावानं कापडं टाकले." (इकडे मयतावर घरटी एक कोरं कापड टाकतात.)

कबरीवरची माती अजून भुसभुशीत होती. बुधीबाईचा नवरा पांडू कुदळ घेऊन आला. "खोदून काढाचं का? तुमी मनाल तसं."

हो म्हणावंसं फार वाटलं. "नको, पांडूभाऊ," म्हणालो आणि तिथंच बसून रडलो.

बुधीबाई शेजारी येऊन टेकली. "सारखा इचारत होता, पेटी आली का, पेटी आली का. शेवटी मी मनलं, आली बाबा. मंग त्यानं दोनी हात पुढं केले. मले काय समजते? मी धरून ठेवले. तसाच गेला."

मला मात्र समजलं. मोठ्या मिस्साआधी (प्रभुभोजनाच्या विधीआधी) बिशपांना रेशमी हातमोजे चढवतात. ते असेच, एक शब्द न बोलता, दोन्ही हात पुढे करायचे आणि मी मोजे चढवायचो.

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन परतलो. रेशमावाचून देव त्यांना परत पाठवील असं मला कधीच वाटलं नाही. पण त्यांना वाटत होतं, आणि मला दुःख त्याचंच आहे. नागपूर येईपर्यंत मनात एकच होतं: बुधीबाईचे ते चुलीपुढे रापलेले, खरखरीत हात म्हाताऱ्याला मोजे वाटले असतील का? वाटलेले असोत, प्रभू.