शिडाच्या होडीवर कॅमेरा, आणि डोलकाठीला मिठी मारलेले दाजी

२००७ साल. राजारामपुरीत आमचं कॅमेरे बसवायचं दुकान. आमचं म्हणजे माझं आणि दाजींचं, माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. एक दिवस विजयदुर्गहून फोन आला, "शिडाच्या होडीवर कॅमेरा बसवाल का?" मी हो म्हणून मोकळा झालो.

"अरं, आपन होडी बघितली ती रंकाळा तळ्यात!" दाजी ओरडले. "आनी मला पवायला येत न्हाय की!"

शनिवारी सकाळी सहाला व्हॅन काढली. सोबत पावसापाण्यात टिकणारा कॅमेरा, छोट्या स्क्रीनचा रेकॉर्डर आणि बॅटरी. तुम्हीही जाणार असाल तर गगनबावडा, वैभववाडी, तळेरे हाच रस्ता धरा. गगनबावड्यात धुकं भेटलं तर गरम भजी खात थांबा, घाट कुठं पळून जात नाही. विजयदुर्गला सुरमईचं ताट पन्नास रुपयांत मिळालं. दाजींनी दोन मारली. ती चूक पुढं कळली.

होडीचे मालक नाईककाका सत्तरीतले, जहाजावर नोकरी केलेले. त्यांनी आम्हांला बाजूला घेतलं. "हिचा, तुमच्या काकूंचा, गुडघा गेलाय, होडीत चढता येत नाही. मी एकटा जातो म्हणून घोर लावून घेते. होडी विका म्हणते. उद्या गिऱ्हाईक येतंय. त्याआधी तिला एकदा दाखवायचंय, मी तिथं कसा असतो ते."

होडीला भोक पाडायचं नाही, ही काकांची अट. म्हणून रबराची पट्टी गुंडाळून, क्लॅम्प आवळून कॅमेरा डोलकाठीवर बसवला. होडी डुलायला लागली तशी दाजींनी डोलकाठीलाच मिठी मारली. काकांनी शीड चढवलं. मी स्क्रीन बघितला.

"काय दिसतंय?" दाजींनी डोळे मिटूनच विचारलं.

"नुसतं पांढरं कापड!"

शिडानं सगळा समुद्र झाकला होता. कॅमेरा उतरवून मागच्या कठड्यावर बसवला. तोवर दाजींनी दोन्ही सुरमया समुद्राला परत केल्या होत्या. मग आम्ही किनाऱ्यावर उतरलो आणि काका एकटे गेले.

संध्याकाळी घरी टीव्हीला रेकॉर्डर जोडला. चित्रात आवाज नव्हता. काचेवर खाऱ्या पाण्याचे थेंब, मागं किल्ला, आणि सुकाणू धरून काका तोंड उघडून जोरजोरात गात होते. काकू पापणी न हलवता बघत होत्या. खरे काका दाराशी उभे, निकालाची वाट बघत.

"गाता तुम्ही?" काकूंनी विचारलं. "चाळीस वर्षांत घरात एक सूर नाही ऐकला मी!"

काका खाली बघायला लागले.

"उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवा," काकू म्हणाल्या. "पण चित्रात ते नारिंगी लाइफ जॅकेट खुंटीला काय करतंय? अंगात घालायचं. मी बघणार आहे रोज."

रविवारी घाट चढून घरी आलो. सोमवारी एका सराफाकडं कॅमेरा बसवत होतो. "चोर नीट दिसंल न्हवं?" मालकांनी विचारलं. मी स्क्रीन बघितला. कोपऱ्यात म्हातारे कारागीर फुंकणीनं जाळ फुलवत मधेच स्वतःशीच हसत होते. इतकी वर्षं हे काम करतोय, पण चोर सोडून स्क्रीनवर दुसरं कोणी शोधलंच नव्हतं.

"दिसंल," मी म्हणालो आणि कॅमेरा किंचित त्या कारागिरांकडं वळवला.