दोन कानांच्या मधली वाट

मागच्या महिन्यात वैशाखऱ्याहून हौसाच्या नातवाचा फोन आला. ‘आजी गेली, बाई. सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत…’ मी फोन ठेवला आणि थोडी हसले. वाट पाहत बसणं हौसाला कधी जमलंच नव्हतं.

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो, तुम्ही तिकडे घोड्यावर बसायला शिकता आणि कशाला मराठीत काय म्हणायचं ते मला पत्रातून विचारता. ते शब्द मला हौसाने दिले. दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. मी बावीस वर्षांची, मुरबाडकडच्या मुलींच्या शाळा तपासायच्या नोकरीवर नुकतीच लागले होते. साहेबांची अट एकच : पावसाळ्याआधी प्रत्येक शाळेपर्यंत स्वतः पोचून दाखवायचं, नाही तर जागा एखाद्या पुरुषाला. डोंगराकडच्या गावांना बैलगाडी जात नव्हती, म्हणजे घोडा आला. हौसाच्या वडिलांची तट्टं घाटावर तांदूळ नेत. त्यांचे गुडघे गेल्यापासून ती हौसाच हाकायची. वयाने माझ्याएवढीच. चांद्या नावाचं तट्टू तिने मला दिलं, आणि शिकवणीही.

मी शिस्तीने वहीत घोडा काढला, त्याच्या अंगाला बाण जोडले. हौसाने चित्र निरखून पाहिलं. ‘बाई, ह्याला दाणा किती लागतो?’ मग शब्द आले ते हातांनी. आधी खरारा, म्हणजे अंग घासून साफ करणं. मग पाठीवर खोगीर, आणि ते आवळायचा पट्टा म्हणजे तंग. तंग आवळताना चांद्या पोट फुगवून उभा राहतो आणि नंतर श्वास सोडला की तंग सैल पडतो, हे तिने मुद्दाम सांगितलं नाही. मी डावीकडून रिकिबीत पाय घातला आणि खोगिरासकट त्याच्या पोटाखाली गेले. ‘आता तंग म्हंजे काय ते इसरनार नाय तुमी,’ ती म्हणाली. लगाम ओढायचा नाही, नुसता हातात जागा ठेवायचा. दुडकी चाल सुरू झाली की दात मिटायचे, नाही तर जीभ चावली जाते. माझं पाचवारी पातळ तिने पहिल्याच दिवशी नापास केलं, नऊवारीचा काष्टा घातल्यावरच मला वर चढू दिलं.

खरी अडचण निराळीच होती. चांद्या जन्मभर रांगेत चाललेला. पुढे कुणाची तरी पाठ दिसल्याशिवाय तो पाऊल उचलत नसे. हौसा पुढे चालली की तो चाले. एकदा ती नव्हती, तर मोळी घेतलेल्या एका बाईमागे तो थेट तिच्या अंगणात गेला. ‘सरपान पायजे व्हतं काय?’ तिने विचारलं. लाजेने मी अर्धी मोळी घेऊन परतले.

पावसाळ्याला पंधरा दिवस उरले आणि साहेब स्वतःच्या घोड्यावरून तपासणीला आले. मी खुशीत, कारण पुढे त्यांच्या घोड्याचं शेपूट होतं. हौसा पायी बरोबर. ओढ्यापाशी दोन वाटा फुटल्या आणि साहेब थांबले. ‘आता तुम्ही पुढे व्हा. वाट तुम्हाला ठाऊक असेल.’ मी टाच लावली. चांद्याचा खांब झाला. हौसा चार पावलं पुढे गेली असती तरी भागलं असतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती दगडावर बसून पायातला, मुळात नसलेला, काटा शोधू लागली.

‘हौसा,’ मी हळूच म्हटलं.

‘माज्याकडं काय बगतेस गो?’ ‘बाई’ आणि ‘तुमी’ सोडून ती मला प्रथमच ‘गो’ म्हणाली होती. ‘महिनाभर माज्या टाचा बगतेस. त्याच्या दोन कानांच्या मंदी बग. वाट तितं हाय.’

मी पाहिलं. दोन कान, त्यांच्यामध्ये पांढरी पायवाट, पुढे करवंदीची जाळी, शाळेची कौलं. मान वर झाली तशी माझी पाठही सरळ झाली असावी. चांद्याने एक कान मागे वळवून माझा अंदाज घेतला… आणि निघाला. साहेब मागून आले. नोकरी पक्की झाली. परतताना मी हौसाला बळेच खोगिरावर बसवलं, कारण रोज घोडे हाकणारी ती एकदाही घोड्यावर बसली नव्हती. मी पुढे चालले, आणि मी किती हळू चालते यावरून तिने मुरबाडपर्यंत माझा उद्धार केला.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन आले. ओटीच्या कठड्यावर गोधडीची घडी टाकून तिची पणती स्वार झाली होती, हातात कासऱ्याचा तुकडा. घरातल्या प्रत्येक पोराला हौसाने तिथेच बसवून शिकवलं म्हणे. डोळे भरून पाहावं म्हणून मी पोरीच्या समोर उभी राहिले.

‘आजी, बाजूला व्हा,’ ती म्हणाली. ‘वाट दिसत नाय.’

मी बाजूला झाले.