जरा मोठ्यानं बोला, ताई!

माझं पीठ संपतं, गॅस संपतो, पण उद्योजकतेच्या क्लासचे किस्से काही संपत नाहीत. भाकरी थापता थापता एक आठवतो, तो शेजारणीला सांगेपर्यंत तव्यावरची करपते. नवरा म्हणतो, "अगो, क्लास तीन महिन्यांचा होता, किस्से तीस वर्षांचे कसे?" त्याला काय सांगू! लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यात एवढं काही घडलंच नाही.

दापोड्याच्या समाज हॉलमध्ये तो क्लास भरायचा. बाहेर गोडाऊनांकडं जाणाऱ्या कंटेनरची रांग, आत आम्ही होऊ घातलेले उद्योजक. शिकवायला सामंत सर. ठाण्याहून स्कूटरवर यायचे. वयानं माझ्या धाकट्या दिराएवढे, पण सगळ्यांना अहो-जाहो करायचे.

पहिल्या दिवशी सरांनी एकेकाला उभं करून नाव विचारलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "म्हात्र्यांची."

"जरा मोठ्यानं बोला, ताई."

"म्हात्र्यांची मधली सून."

सर म्हणाले, "घर कळलं, घरातला नंबरही कळला. आता नाव सांगा!"

'रंजना' असं तोंडातून निघालं तेव्हा ते मलाच परकं वाटलं. गावातल्या हळदीला, बारशाला, भावकीच्या जेवणाला भाकऱ्या थापायला मी, वालाचं बिरडं माझ्या हातचं. खाणारे म्हणायचे, "म्हात्र्यांकडचं जेवण म्हणजे एक नंबर!" एकदा तरी कुणी 'रंजनाचं जेवण' म्हणावं असं मला फार वाटायचं. त्यात सरांनी सांगितलं, मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनला कामगारांसाठी रोजचं जेवण देणारं माणूस हवंय आणि तिथले मॅनेजर क्लासच्या शेवटच्या दिवशी येणार आहेत. मला ते काम हवंच होतं. अडचण एकच. अनोळखी माणूस समोर आलं की माझा आवाज घशातच बसायचा. सासरी याचं कौतुकच! "सून कशी, तर बाजूच्या खोलीत असली तरी कळत न्हाय!"

*

आमच्यात एक लहानूभाऊ होता. डोंगराकडच्या पाड्यावरचा. दिवसा गोडाऊनमध्ये माल चढवायचा-उतरवायचा, घरी बांबूच्या टोपल्या विणायचा. सरांनी सांगितलं, एका मिनिटात आपल्या धंद्याची ओळख करून द्या. लहानूभाऊ उठला.

"मी लहानू. टोपल्या करतो. चांगल्या करतो."

आणि गप्प.

सर म्हणाले, "अजून वेळ आहे तुमच्याकडे."

लहानूभाऊ शांतपणे उभा राहिला. आम्ही त्याच्याकडं बघतोय, तो भिंतीवरच्या घड्याळाकडं. काटा फिरून परत आला तेव्हा म्हणाला, "झाला वेळ. बसू?"

मला वाटायचं, वर्गात न बोलणारी मी एकटीच. पण मी घाबरून गप्प असायचे आणि लहानूभाऊ बोलणं संपलं म्हणून गप्प असायचा. हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं आणि मी घरी जाईपर्यंत त्याचाच विचार करत होते.

*

याच लहानूभाऊला सरांनी एकदा कामगिरी दिली. तुमचा स्पर्धक कोण ते शोधा, त्याच्याकडं जा आणि त्याचं कुठं कमी पडतं ते बघून या. लहानूभाऊचा स्पर्धक म्हणजे शेजारच्या पाड्यावरचा त्याचा सख्खा मेहुणा! सकाळी गेला तो संध्याकाळी उगवला.

"काय कमी पडतं त्याचं?" सरांनी विचारलं.

"माणूस कमी पडत होता. मी बसलो विणायला."

सरांनी कपाळाला हात लावला. "अहो, पण स्पर्धक म्हणून कसा वाटला?"

"बरा हाय. जेवून जा म्हणाला."

*

नारपोलीच्या नसीम आपांचं सगळंच वेगळं. सासर पिढ्यान्‌पिढ्या लूमवाल्यांचं, घरचेच यंत्रमाग. लूमवरच्या उरल्यासुरल्या कापडाच्या आपा अशा गोधड्या शिवायच्या की अंगावर घ्यायला जीव होऊ नये. सरांनी कागद वाटले. एका बाजूला स्वतःच्या जमेच्या गोष्टी लिहा, दुसऱ्या बाजूला उणिवा. आपांनी उणिवांची बाजू भराभर भरली आणि हात वर केला.

"सर, जगह खतम हो गई. पुरवणी द्या."

सरांनी वाचलं आणि म्हणाले, "आपा, स्वतःच्या उणिवा लिहायच्या होत्या. या तुमच्या मिस्टरांच्या आहेत."

"हां, तो? घर एकच हाय ना!"

*

मग आला गिऱ्हाइकाचा तास. सर म्हणाले, समजा मी अवघड गिऱ्हाईक आहे, मला पटवा. आपांनी गोधडी पसरली. सरांनी नाक मुरडलं. "रंग फिका आहे. टाके वाकडे आहेत. आणि एवढ्याशा कामाला एवढे दिवस लागले तुम्हाला?"

आपांनी गोधडी ओढून पिशवीत कोंबली!

"आपा, अहो मी गिऱ्हाईक आहे!"

"गिऱ्हाईक असं न्हाय बोलत, सर. ये तो मेरी ननंद बोल रही है!"

वर्ग लोळला. सरांनी मग शांतपणे समजावलं की बोलणाऱ्याचं आधी पूर्ण ऐकायचं, हसायचं आणि मग विचारायचं, तुम्हाला कसं हवंय. आपांनी मान डोलावली. पुढच्या आठवड्यात आल्या त्या खुशीतच. "सर, घरी ननंदेला गिऱ्हाईक समजून बोलले. तेव्हापासून चाय वही बना रही है!"

*

माझी कामगिरी होती सर्वे. मानकोली नाक्यावर उभं राहून कामगारांना विचारायचं, दुपारी काय जेवता, काय आवडतं. मी कागद घेऊन उभी राहिले. कामगार समोरून जात होते, माझं तोंड उघडत नव्हतं. तेवढ्यात एक ट्रक थांबला. "दीदी, ये पीछेवाला गोडाऊन किधर से?" मी सांगितलं. त्याच्यामागून दुसरा आला, मग टेम्पो, मग कंटेनर. हातातला कागद बघून मी कुणीतरी ड्युटीवरची आहे असं त्यांना वाटलं असणार. इकडं वळा, तिकडं वळा, लोखंडी गेट, पुढं पंप. दुपार अशीच गेली.

सरांनी विचारलं, "झाला सर्वे?"

"सर्वे न्हाय झाला, सर. पण गाड्या सगळ्या बरोबर पोचल्या."

सगळे हसले, सर हसले नाहीत. "ताई, मग दिवसभर अनोळखी माणसांशी कोण बोललं?"

मी चक्क मागं वळून बघितलं!

*

शेवटच्या दिवशी आमचा हॉल कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेला. आपा म्हणाल्या, आमच्याकडं चला, लूमच्या वर मोठी खोली आहे. गेलो नारपोलीला. खाली लूम, बाजूला लूम, समोर लूम. सगळी गल्ली खडखडत होती. मधल्या खुर्चीवर मॅनेजरसाहेब.

आपांचा जन्मच त्या आवाजात गेलेला. त्यांचं सगळं बोलणं साहेबांना ऐकू गेलं. लहानूभाऊनं टोपली पालथी घातली, तिच्यावर उभा राहिला, उतरला आणि जागेवर जाऊन बसला. साहेब खूश.

मग मी. डबा उघडून साहेबांपुढं ठेवला. तांदळाची भाकरी, बिरडं, सुकटीची चटणी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि मी बोलायला लागले. साहेबांनी कानाला हात लावला. मी आवाज चढवला. परत कानाला हात. "ताई, कुछ सुनाई नहीं देता!" सर मागून हात वर, आणखी वर करत होते. इतक्या दिवसांचं सगळं इथंच संपतंय असं वाटलं, डोळे भरून आले, आणि मग कुठून कोण जाणे, मला राग आला. साहेबांचा नाही, लूमचाही नाही, माझ्याच घशाचा! मी डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडले.

आणि नेमकी लाईट गेली! गल्लीतले सगळे लूम एकदम बंद पडले, आणि त्या शांततेत माझी एकटीची आरोळी गल्लीच्या पार टोकापर्यंत गेली.

"मी रंजना! माझ्या हातचं जेवून आजवर एक माणूस अर्धपोटी उठलेला न्हाय!"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. तेवढ्यात खालून, कारखान्याच्या दारातून एक कारागीर ओरडला, "रंजना भाभी! खाना कब से चालू है? हमारा लिख लो!" समोरच्या खिडकीतून दुसरा, "भाभी, इधर के पूरे कारखाने का!"

मॅनेजरसाहेब उठले, भाकरीचा तुकडा हातात तसाच घेऊन तडक खिडकीपाशी गेले आणि बाहेर वाकून माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "ओ भाई, लाईन से! पहला नंबर हमारा है!"